वाटेत पडलेला परका आणि आपण

मराठी माणसाला सुरत परकी नाही. शिवरायांनी १६६४ आणि १६७० साली या शहरावर दोनदा मारलेली धडक आपण शाळेत शिकलो. १९०७ साली तापीच्या काठी काँग्रेसचे अधिवेशन उधळले आणि जहाल-मवाळांच्या वाटा वेगळ्या झाल्या, ते शहरही हेच. आज मात्र सुरतेशी आपला संबंध इतिहासापेक्षा पोटापाण्याचा अधिक आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. यंत्रमागावर, कापडबाजारात, लहानमोठ्या कारखान्यांत ही माणसे राबतात. सणावारी गावाकडे येतात आणि परत जातात. मुंबईहून सुरतेवरून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग हा किनारपट्टीच्या लोकांचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे.

या शहरातील अशाच एखाद्या कष्टकऱ्याचे चित्र वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. सुट्टीचा दिवस आहे, सकाळची वेळ आहे आणि तो मोटारसायकलवरून शहराबाहेर निघाला आहे. पुढे चाललेला एक अनोळखी दुचाकीस्वार एकाएकी झोक जाऊन रस्त्यावर कोसळतो. त्याला कोणा वाहनाचा धक्का लागला, की छातीत कळ येऊन त्याची शुद्ध हरपली, हे मागच्याला कळत नाही. मागच्या माणसाची गाडी आपोआप मंदावते. त्याचा एक पाय जमिनीला टेकतो. आणि तेवढ्यात मनात दुसरा विचार येतो: थांबलो तर पोलीस येतील, नाव लिहून घेतील, ‘तूच धडक दिलीस’ म्हणतील, रुग्णालयात पैसे भरायला सांगतील, पुढे कोर्टाच्या तारखा पडतील आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडेल. त्याची गाडी पुन्हा वेग घेते. पाठीमागून आणखी दहाजण असेच येतात आणि असेच पुढे जातात.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. परंतु तो आपणांपैकी कोणासही खोटा वाटणार नाही. अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेला निर्णय दिला जातो: माणुसकी मेली, जमाना बदलला, कोणाला कोणाचे काही राहिले नाही. हा निर्णय देणे सोपे असते, कारण तो दिल्यावर कोणावरच काही करण्याची जबाबदारी येत नाही. आम्हांस हा निर्णय मान्य नाही. रस्त्यावर न थांबणारा माणूस बहुधा निर्दय नसतो. तो भ्यालेला असतो आणि अजाण असतो. त्याचे भय या देशाच्या व्यवस्थेने अनेक दशके जोपासले आहे. ते भय दूर करणारा कायदा आता झालेला आहे, पण तो ज्याच्यासाठी झाला त्याच्या कानांपर्यंत पोचलेला नाही. आजच्या दुखण्याचे मर्म येथे आहे.

हे भय आले कोठून? सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात त्याचा एक स्पष्ट पुरावा आहे. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल २८ ऑगस्ट १९८९ रोजी लागला. त्याच्या मुळाशी वर्तमानपत्रातली एक बातमी होती. एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवले. रस्त्याने जाणाऱ्या एका भल्या माणसाने त्या रक्तबंबाळ जखमीला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. असे पोलिसी प्रकरण हाताळण्याचा अधिकार असलेले रुग्णालय सुमारे वीस किलोमीटरांवर आहे, तेथे न्या, असे त्यांनी सांगितले. बिचारा तो वाटसरू जखमीला घेऊन पुन्हा निघाला. दुसरे रुग्णालय येण्याआधीच जखमीचा प्राण गेला.

या घटनेत माणुसकी कमी पडली, असे कोण म्हणेल? रस्त्यावरच्या परक्याने आपले कर्तव्य एकदा नव्हे, दोनदा केले. कमी पडली ती व्यवस्था. आधी पंचनामा आणि मग उपचार, आधी कागद आणि मग माणूस, या क्रमाने ती चालत होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य आहे आणि कोणताही कायदा वा कोणतीही कार्यपद्धती त्याच्या आड येऊ शकत नाही. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा हा अर्थ होता. निकाल उत्तम होता. परंतु निकाल कायद्याच्या पुस्तकात छापला जातो आणि अनुभव माणसाच्या अंगावर उमटतो. त्या वाटसरूची हकिगत ऐकणाऱ्यांनी निकाल वाचला नाही; त्यांनी एवढाच धडा घेतला की, असल्या भानगडीत पडू नये. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या भाषेत उगाच रुजलेली नाही.

या भयाची किंमत आकड्यांत मोजता येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शंभरांतली चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवर होती. २०२३ साली मृतांचा आकडा १,७२,८९० वर गेला. म्हणजे दिवसाला सरासरी ४७४. एखादे विमान कोसळून एवढी माणसे गेली तर देशभर शोक पाळला जातो. येथे ती रोज जातात आणि आपण आतल्या पानावरची चार ओळींची बातमी वाचून पान उलटतो. विधी आयोगाने ऑगस्ट २००६ मधील आपल्या २०१ व्या अहवालात म्हटले होते की, पहिल्या तासात योग्य उपचार मिळाले तर अपघातांतील निम्मे मृत्यू टळू शकतील. हे अनुमान काहीसे ढोबळ धरले आणि त्यातला अर्धाच भाग खरा मानला, तरी दरवर्षी चाळीस हजारांहून अधिक घरांचा आधार वाचेल. त्या पहिल्या तासात जखमीजवळ बहुधा ना डॉक्टर असतो, ना पोलीस, ना नातेवाईक. त्याच्याजवळ असतो तो परका वाटसरू. त्याने थांबायचे की जायचे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

२००७ साली कानपूर येथे सतरा वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी कोणी मदतीस थांबले नाही आणि तो दगावला. त्याचे नातेवाईक पीयूष तिवारी यांनी पुढे ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था काढली. या संस्थेने २०१३ साली देशातील निरनिराळ्या शहरांत पाहणी केली. शंभरांतील चौऱ्याहत्तर लोकांनी सांगितले की, जखमीच्या मदतीस जाण्याचा आपला संभव कमी. का, असे विचारता त्यांतील अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनी कारण दिले ते पोलिसांची चौकशी आणि कोर्टकचेरी यांच्या ससेमिऱ्याचे. ‘आम्हांला काय त्याचे’ असे उत्तर त्यांनी दिले नाही. माणुसकी मेली असे म्हणणाऱ्यांनी हे उत्तर लक्षात ठेवावे.

याच संस्थेने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने १२ मे २०१५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले आणि २०२० साली त्याखालचे नियम झाले. या सर्वांचा मथितार्थ साध्या मराठीत सांगण्यासारखा आहे. किंबहुना तो प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहून ठेवण्यासारखा आहे. मोटार अपघातातील जखमीला सद्‍बुद्धीने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली म्हणून दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला आपले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही आणि दाखल करण्याचे पैसे त्याच्याकडे मागू शकत नाही. त्याला साक्षीदार व्हावयाचे की नाही हे त्याने ठरवावयाचे. तो स्वखुशीने साक्षीदार झाला तर पोलिसांनी त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी आणि शक्यतो एकदाच घ्यावयाचा. हे हक्क सांगणारा फलक प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात इंग्रजीत, हिंदीत आणि स्थानिक भाषेत लावावयाचा आहे.

वाचकांनी या ठिकाणी थांबून स्वतःलाच एक प्रश्न विचारावा. आपल्या गावातील रुग्णालयाच्या दारात असा फलक त्यांनी कधी वाचला आहे काय? याच संस्थेने २०१८ साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा शंभरांतील चौऱ्याऐंशी लोकांना असा काही कायदा आहे याचीच कल्पना नव्हती. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कर्नाटकातील कोप्पळ येथे एका तरुण सायकलस्वाराला बसने धडक दिली. तो रक्ताच्या थारोळ्यात मदत मागत पडला होता आणि भोवतालचे लोक मोबाइलवर त्याचे चित्रण करीत होते. तो वाचला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला त्या वेळी जवळजवळ एक वर्ष होत आले होते. दिल्लीत दिलेले अभय कोप्पळच्या रस्त्यावर पोचले नव्हते.

या अभयातही एक छिद्र राहिलेले आहे, ते सांगितले पाहिजे. १३४-अ हे कलम मोटार वाहनाच्या अपघातापुरते आहे. वर वर्णिलेला दुचाकीस्वार गाडी उभी करून बाजूच्या कट्ट्यावर बसला आणि हृदयविकाराने तेथेच कोसळला, तर त्याला मदत करणाऱ्यास या कलमाचा आधार घेणे अवघड आहे. अर्थात तो अगदी निराधार नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी, त्याची संमती घेणे शक्य नसताना, सद्‍बुद्धीने केलेले कृत्य हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व जुन्या दंड संहितेच्या ९२ व्या कलमात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात ते कायम आहे. परंतु नाव न सांगण्याचा हक्क, थांबवून न ठेवण्याचा हक्क हे त्यात नाहीत. भर रस्त्यात पडलेला माणूस धक्क्याने पडला की आजाराने, याचे निदान केल्यावरच वाटसरूने कायदा आठवावा काय? कर्नाटकाने २०१६ साली आकस्मिक प्रसंगातील मदतनीस आणि डॉक्टर यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात या किनाऱ्यावरील राज्यांनी हे संरक्षण प्रत्येक आकस्मिक आजाराला लागू करावे. त्याला फारसा खर्च येणार नाही.

आता पुन्हा सुरतेकडे वळू. कारण माणुसकी आणि व्यवस्था यांच्या नात्याचे तीन धडे या एकाच शहराने दिलेले आहेत.

पहिला धडा २४ मे २०१९ चा. सरथाणा भागातील तक्षशिला या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग चालू होता. धुराने कोंडलेली मुले खिडक्यांतून उड्या टाकू लागली. बावीस विद्यार्थी गेले. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले, कारण खाली जमलेल्यांपैकी कित्येकजण ते मोबाइलवर टिपत होते. परंतु त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. एक साधा तरुण इमारतीच्या बाहेरच्या बाजूने वर चढला आणि हाताला लागतील त्या मुलांना उतरवू लागला. तो अग्निशामक दलाचा नव्हता आणि त्या मुलांचा कोणी लागत नव्हता. तेव्हा सुरतेची माणुसकी मेली होती, असे म्हणायचे की जिवंत होती, असे म्हणायचे? तीच गर्दी, तोच रस्ता, तीच वेळ. मोबाइल धरून उभे असलेले सारेच दगडाच्या काळजाचे होते, असे आम्ही मानत नाही. आपण नेमके काय करावे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ज्याला काय करावे हे ठाऊक नसते तो पाहत उभा राहतो.

दुसरा धडा अवयवदानाचा. रस्त्यावरील अपघातात वा मेंदूतील रक्तस्रावाने ज्यांचा मेंदू मृत झाला, अशा आप्ताचे हृदय, यकृत, मूत्रपिंडे अनोळखी रुग्णांना देण्यास सुरतेतील कुटुंबे पुढे आली आहेत. २०१५ च्या अखेरीपासून तेथील दात्यांची हृदये विमानाने मुंबईला येऊन येथील रुग्णांच्या छातीत धडधडू लागली. आपल्या पोटच्या पोराचे हृदय कधी न पाहिलेल्या माणसाला देणाऱ्या समाजाला निष्ठुर कसे म्हणावे? आणि त्या वेळी पोलीस काय करतात? रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा करून देतात, चौकाचौकांत उभे राहून रहदारी थोपवतात. म्हणजे जीव वाचवण्यासाठी पोलीस, रुग्णालय आणि नागरिक हे एका दिशेने धावू शकतात. त्यासाठी फक्त प्रत्येकाला आपले काम आधी नेमून दिलेले असावे लागते. जे हृदयाच्या प्रवासाला साधते, ते हृदय ज्याच्या छातीत अजून चालू आहे त्या जखमीच्या प्रवासाला का साधू नये?

तिसरा धडा सर्वांत जुना आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरल्याच्या वार्तेने हाहाकार उडाला. लाखो लोक गाड्या भरभरून शहर सोडून गेले. कित्येक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद करून गाव गाठले. शेजाऱ्याने शेजाऱ्याची विचारपूस करण्याचे टाकले. तेव्हाही लोक म्हणाले असतील की, या शहरात माणूस उरला नाही. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी लोकांना नीतीची प्रवचने दिली नाहीत. अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीतून उठवून रस्त्यावर पाठवले, झाडलोटीचे काम वाटून दिले, घाण करणाऱ्यास दंड केला. मग तो दंड गरिबाला तसा श्रीमंतालाही भरावा लागला. १९९६ साली एका नामवंत संस्थेने स्वच्छतेत चंडीगडच्या खालोखाल सुरतेचे नाव घेतले. दीड-दोन वर्षांत तेथील माणसे बदलली होती काय? माणसे तीच होती. व्यवस्थेने त्यांना चांगले वागणे सोपे करून दिले आणि ती चांगली वागू लागली.

रस्त्यावरच्या परक्याला मदत करण्याचेही तसेच आहे. मदत करणे सोपे झाले पाहिजे. सरकारने यासाठी बक्षिसाचा मार्ग काढला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा मदतनिसास पाच हजार रुपये देण्याची योजना आली. २०२५ साली ती रक्कम पंचवीस हजार करण्यात आली आणि त्याला ‘राहवीर’ असे भारदस्त नावही मिळाले. योजनेमागील हेतू चांगला आहे आणि एखाद्या मजुराला ही रक्कम मिळाली तर आम्हांस आनंदच होईल. तथापि रोग एक आणि औषध दुसरे, असे तर होत नाही ना, याचा विचार व्हावा. ज्याला पोलीस ठाण्यात आपले नाव लिहिले जाण्याची धास्ती आहे, त्याला बक्षिसासाठी पोलिसांची नोंद आणि जिल्ह्याच्या समितीची मान्यता घ्यावी लागणार. वाटसरूने बक्षीस मागितलेले नाही. त्याला हवे आहे ते इतकेच की, जखमीला रुग्णालयात सोपवल्यावर कोणीतरी त्याला ‘ठीक आहे, आता तुम्ही जा’ असे म्हणावे आणि त्याने संध्याकाळी आपल्या घरी जेवावे.

याहून उपयोगाची आहे ती विनामूल्य उपचारांची योजना. ५ मे २०२५ रोजी अमलात आलेल्या या योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळावयाचे आहेत. ‘पैसे कोण भरणार?’ हा रुग्णालयाच्या खिडकीवरचा प्रश्न जखमीला आणणाऱ्याच्या तोंडावर फेकला जात असे. या योजनेने त्याला उत्तर दिले आहे. आता ती खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला ठाऊक झाली पाहिजे.

भयाची बाजू झाली, आता अज्ञानाची. समजा, तो मोटारसायकलस्वार थांबला. पुढे काय? आपल्याकडे पडलेल्या माणसाभोवती गर्दी होते, कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी त्याला दोन्ही हातांना धरून बसता करतो आणि चौघे मिळून रिक्षात कोंबतात. यातील प्रत्येकजण सद्‍हेतूने वागत असतो आणि यातील प्रत्येक कृतीने अपाय होऊ शकतो. बेशुद्धाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. मानेला वा पाठीच्या कण्याला मार बसलेला असेल तर ओढाताणीने माणूस जन्माचा पांगळा होतो. खरे उपाय साधे आहेत. प्रथम मागून येणारी वाहने थोपवावी, नाही तर एकाचे दोन जखमी होतात. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. हाक मारून आणि खांदा हलकेच थोपटून शुद्ध आहे का ते पाहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. श्वास नीट चालू असेल तर शिरस्त्राण ओढून काढू नये आणि रुग्णाला उगाच हलवू नये.

आणि माणूस बेशुद्ध असून त्याचा श्वास चालत नसेल, किंवा केवळ आचके येत असतील, तर त्याचे हृदय थांबले आहे असे धरून चालावे. अशा वेळी त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून, छातीच्या मधोमध एका तळहाताचा मागचा भाग ठेवून, त्यावर दुसरा हात गुंफून, कोपर ताठ ठेवून दाबावे. प्रत्येक दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे कोणी केले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, असे वैद्यकशास्त्र सांगते. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. रुग्णवाहिका कितीही त्वरेने निघाली तरी शहराच्या रहदारीतून ती चार मिनिटांत येईलच, याची खात्री कोण देणार? तोवर त्या माणसाचे प्राण वाटसरूच्या दोन हातांत असतात.

ही विद्या आपल्या शाळांत शिकवणे अशक्य नाही. गुजरातेत २००७ साली १०८ ची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. म्हणजे दूरध्वनी केल्यावर गाडी येण्याची सोय झाली. गाडी येईपर्यंतच्या मिनिटांची सोय राहून गेली. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना तरुण माणसे कोसळून गेल्याच्या बातम्यांनी गुजरात हादरला. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारने शिक्षकांना छाती दाबण्याचे हे प्रशिक्षण देण्याची मोहीम राज्यभर घेतली. शिक्षक शिकला की वर्ग शिकतो आणि वर्ग शिकला की घर शिकते. इतर राज्यांनी यात कमीपणा मानू नये. आम्ही तर म्हणू की, दुचाकी चालवण्याचा परवाना देताना जसे वळण घेण्याचे कसब पाहतात, तसे पुतळ्याच्या छातीवर दोन मिनिटे दाब देण्याचे कसबही पाहावे. रस्त्यावर सर्वाधिक मरतो तो दुचाकीस्वार, आणि अपघातानंतर प्रथम पोचतो तोही पुष्कळदा दुचाकीस्वारच.

आमच्या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कायद्याने पोलिसांचा हात धरला. पण जमावाचा हात कोण धरणार? अपघातस्थळी जो कोणी मोटारीतून उतरेल तोच अपराधी असे मानून त्याला बडवणारा जमाव आपण सर्वांनी पाहिला आहे. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी टाकते. पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूटही देते. कायद्यालाच जमावाचा असा अपवाद लिहून ठेवावा लागावा, ही समाजाला शोभा देणारी गोष्ट नव्हे. ज्या चालकाने धडक दिली तोच पुष्कळदा जखमीला सर्वांत लवकर रुग्णालयात नेऊ शकतो. त्याला मार खाण्याचे भय दाखवून आपण पळवून लावतो आणि मग ‘धडक देऊन पळाला’ म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडतो. जखमी आधी, जाब नंतर, एवढे भान गर्दीने ठेवले तर कायद्याचे अर्धे काम होईल. हे भान पोलीस आणू शकत नाहीत. ते त्या गर्दीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसानेच आणावयाचे असते.

आणि असे भान येते, याचा अनुभव आपल्या किनाऱ्याला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला. त्या काळोखात, पावसात, जवळच्या गॅरेजात राहणाऱ्या एका परप्रांतीय कामगाराच्या लक्षात ते आले आणि त्याने येणारी वाहने थोपवण्यास धाव घेतली. पुढच्या गाड्यांतील माणसे त्याची कोणी नव्हती. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरचे तरुण दोर बांधून त्या दरीत उतरले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या तरुणांनी अपघातग्रस्तांना मदत करण्यासाठी आपली फळीच उभारली आहे. ही माणसे आपल्यासारखीच आहेत. त्यांना फक्त काय करावयाचे ते ठाऊक आहे आणि स्थानिक पोलीस त्यांना ओळखतात. भय गेले, ज्ञान आले, की माणुसकीला कोणी हाक मारावी लागत नाही.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. रुग्णालयांनी दारात फलक लावावा, तो लागला आहे की नाही हे आरोग्य खात्याने प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि नसल्यास दंड करावा. १९९५ साली सुरतेत कचऱ्याबद्दल केला तसा. पोलीस ठाण्यातील प्रत्येक शिपायास १३४-अ हे कलम तोंडपाठ असावे. जखमीला आणणाऱ्याचे नाव विचारण्यापूर्वी त्याला पाण्याचा पेला द्यावा, आणि नाव सांगायचे नसेल तर त्याला जाऊ द्यावे. विधिमंडळांनी कायद्यातले छिद्र बुजवावे. शाळांनी मुलांना छाती दाबण्याची रीत शिकवावी. वर्तमानपत्रांनीही मदत केल्यामुळे अडचणीत आलेल्याची बातमी जेवढ्या ठळकपणे छापली, तेवढ्याच ठळकपणे मदत करून सुखरूप घरी गेलेल्याची बातमी छापावी. भय पसरवण्यात आमचाही वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

आणि वाचकांनी? वाचकांनी आज एवढेच करावे. घरातील कर्त्या मुलाला, सुनेला, कामानिमित्त सुरतेस वा मुंबईस राहणाऱ्या भावाला हा कायदा चार वाक्यांत सांगावा: थांबलास तर तुला कोणी धरून ठेवू शकत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही, पैसे भरण्याची सक्ती नाही, काही चुकले तरी खटला नाही. म्हणजे उद्या उधन्याहून निघालेल्या त्या मोटारसायकलस्वाराचा पाय जेव्हा जमिनीला टेकेल, तेव्हा तो पुन्हा वर उचलला जाणार नाही. रस्त्यावर पडलेला माणूस त्याचा परका असेल. पण कोणाच्या तरी घरी त्याची वाट पाहिली जात असेल. परक्या गावात राबणारी आपली माणसे जेव्हा रस्त्यावर पडतात, तेव्हा त्यांच्याजवळही कोणा परक्यानेच थांबावे, अशी आपली इच्छा असते. ती इच्छा आपण दुसऱ्यासाठी थांबलो तरच न्याय्य ठरते.